मला मेलेलं म्हणणारा डॉक्टर

मित्रांनो, मी एक जुनं कार्ड आहे. पत्त्यांचं नव्हे, शुभेच्छांचंही नव्हे. संगणकाच्या पोटात बसणारं, हिरव्या पाटीचं, तळहाताहून थोडं मोठं. म्हाताऱ्या संगणकाला धावायला लावायचं, हे माझं काम. मी मेलो अशी बातमी मध्यंतरी पसरली होती. ती खोटी होती. ज्याने ती पसरवली त्याला मी विसरलेलो नाही. तेव्हा ही गोष्ट मी गोडीगुलाबीने सांगणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म एका लांबट, पांढऱ्या दिव्यांच्या खोलीत झाला. भिंगातून बघणाऱ्या बायकांनी माझ्या अंगावर एकेक भाग बसवला. मधोमध प्रोसेसर, त्याच्या बाजूला मेमरी आणि कोपऱ्यात एक काळी, नखाएवढी फ्लॅश चिप. दिसायला किरकोळ, पण जागं झाल्यावर आधी काय करायचं आणि मग काय, ते सगळं तिच्यात लिहिलेलं. ती विसरली की मी ठोंब्या.

मी काकूंच्या घरी आलो. काकू संगणकावर चित्रं काढतात आणि त्यांना चालायला, पळायला लावतात. त्यांचं एक लंगडं बदक होतं. आधी ते पाऊल उचलायचं आणि काकू भाजी निवडून परत आल्या तरी ते पाऊल हवेतच असायचं. मी बसलो आणि बदक तुरुतुरु चालायला लागलं. काकू येईल त्याला ते दाखवायच्या. काका म्हणायचे, "मी कधी इतका भरभर चाललो असतो तर माझंही कौतुक झालं असतं."

बरीच वर्षं अशी सुखात गेली. मग वयपरत्वे माझी फ्लॅश चिप विसरभोळी झाली. गार असली की तिला सगळं आठवायचं, तापली की मधली दोन-चार अक्षरं हरवायची. संगणकाचं झाकण बंद, खोली उबदार. थोडं काम झालं की बदक जागच्या जागी थिजायचं आणि पडदा काळा व्हायचा. घटकाभर विसावा मिळाला की मी पुन्हा ठीक. काकूंनी हे बरोबर हेरलं होतं.

गावात जुन्या संगणकांच्या हौशी लोकांचं एक मंडळ होतं. त्यात एकाला सगळे डॉक्टर म्हणायचे. तो खरा डॉक्टर नव्हता. नोकरी विम्याच्या कचेरीत, पण बंद पडलेली यंत्रं बरी करायचा म्हणून डॉक्टर. त्याला मी अहोजाहो करणार नाही. काकूंनी मला त्याच्या हातात दिलं आणि तापलं की बंद पडतं, हे स्वच्छ सांगितलं. तो हसला.

"काकू, तापतं सगळंच. तुम्ही बदक सांभाळा, बाकीचं माझ्यावर सोडा."

या मंडळींची एक खोड होती. संगणकाला झाकण घालून ठेवणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. उघडी यंत्रं मांडून बसायचं, म्हणजे आपण जाणकार आहोत हे पाहुण्याला दारातूनच कळतं. डॉक्टरच्या टेबलावरही झाकण नावाची वस्तू नव्हती. वर त्याला घाम फार, म्हणून शेजारी टेबलफॅन. त्यातला निम्मा वारा माझ्या अंगावर. अशा थंड हवेत माझ्या चिपला सगळं पाठ! पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी ती घडाघडा म्हणून दाखवायची.

मग डॉक्टरने चोर सोडून संन्याशांना फाशी द्यायला सुरुवात केली. खाचेत बसणारे माझे पितळी दात खोडरबराने घासले. वीज साठवणारे धडधाकट कपॅसिटर उपटून नवे लावले. मेमरी बदलली. ठणठणीत आहे म्हणून मला परत पाठवलं आणि काकूंच्या घरी झाकणाखाली मी पुन्हा आडवा. पुन्हा त्याच्याकडे, पुन्हा ठणठणीत, पुन्हा आडवा. मंडळात लोक गालातल्या गालात हसायला लागले. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात तसं झालं. एके दिवशी त्याने सांगून टाकलं, "कार्ड मेलं, काकू. आतूनच गेलंय." माझ्यावर 'मृत' अशी चिठ्ठी डकवली. बदल्यात काकूंना एक मरतुकडं कार्ड दिलं आणि मला ठेवून घेतलं.

का ठेवून घेतलं, ते ऐका. त्याच्या स्वतःच्या संगणकात माझाच भाऊ बसला होता. त्याच खोलीत जन्मलेला, त्याच खेपेचा. फक्त त्याचा प्रोसेसर माझ्याहून मंद. गरम हवेने डाख वितळवून माझा प्रोसेसर उपटायचा आणि भावावर बसवायचा, असा त्याचा बेत होता. हे तो फोनवर कुणाला तरी सांगत होता. माझ्यादेखत!

मी खणात स्क्रूंच्या ढिगात पडून होतो. तिकडे बदक पुन्हा एक पाय वर करून ताटकळत असणार, हे मला दिसत होतं. माझा संताप झाला. काळीज काढून घ्यायला निघालेल्या माणसाचं कोणी काय करावं? मला हात नाहीत, पाय नाहीत. पण मला तापता येतं.

मंडळाचा वार्षिक मेळावा आला. कुणाचा संगणक सर्वांत वेगवान, याची तिथे चढाओढ असते. प्रोसेसर उपटायला डॉक्टरला सवड मिळाली नव्हती. म्हणून त्याने चिठ्ठी खरवडून काढली, भावाला बाहेर ठेवलं आणि मलाच आख्खं त्याच्या संगणकात बसवलं. त्याच्या टेबलावर मी चालतो हे त्याला पक्कं माहीत होतं, मित्रांनो. मेलेला म्हणताना माहीत होतं. बाहेरचे पाहुणे येणार म्हणून त्या दिवशी त्याने कधी नव्हे ते झाकणही घातलं. सभागृह गच्च भरलेलं, खिडक्या बंद. तो स्वतःच्या हुशारीबद्दल बोलत होता, बोलतच होता. मी तापलो. अगदी मनापासून तापलो.

वाक्य अर्धं असताना पडदा काळा झाला. त्याने बटण दाबलं. काळाच. पुन्हा दाबलं. मागून कोणीतरी खाकरलं. त्याने घाईघाईने झाकण उघडलं आणि पहिल्या रांगेतल्या काकू पुढे झुकल्या. वरची बाजू कळावी म्हणून त्यांनी माझ्या कोपऱ्यावर जांभळ्या रंगाचा ठिपका दिला होता. डॉक्टरने चिठ्ठी खरवडली, ठिपका राहिला. काकू उठून उभ्या राहिल्या.

"हे माझं कार्ड आहे. मेलेलं ना? मग इथं कसं बसलं?"

नुसतं तपासत होतो, असं तो पुटपुटला. हातातल्या कागदाने काकू मला वारा घालत राहिल्या, मग स्वतः बटण दाबलं. पडदा उजळला. उघड्यावर चालतं, झाकलं की बंद पडतं, म्हणजे उष्णतेने काय बिघडतं ते शोधा, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. आपण हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, हेही सांगितलं. त्यांचा आवाज चढला नाही. चढायची गरजच नव्हती.

मंडळींनी एकेका चिपवर गरम हवा सोडून पाहिली, तेव्हा दोष फ्लॅश चिपमध्ये सापडला. तिच्यातलं लिखाण उतरवून घ्यायचं यंत्र फक्त डॉक्टरकडे होतं. मंडळाच्या अध्यक्ष बाईंनी त्याला तिथेच बसवलं. माझी चिप गार राहावी म्हणून तो खाली वाकून वारा घालत होता आणि दोन प्रती सारख्या निघेपर्यंत पुन्हा पुन्हा वाचत होता. सगळे पाहत होते. माझ्या आयुष्यात मला इतका आनंद कधी झाला नव्हता, बदक पहिल्यांदा चाललं तेव्हासुद्धा नाही. नव्या चिपमध्ये सगळं लिहिलं गेलं. काकूंनी मला पदरात गुंडाळलं, प्रतीची डिस्क घेतली आणि घर गाठलं. आता बदक पळतं. झाकण लावून पळतं.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्यांची काळजी घ्या. आमची स्मृती शाबूत आहे तोवर तिची प्रत काढून ठेवा. आणि दुखणं कुठे आहे ते शोधल्याशिवाय कुणाला मेलेलं ठरवू नका, कारण आम्ही ऐकत असतो.

डॉक्टरने मात्र त्या दिवशी शरमेने मान वर केली नाही आणि तो स्वतःसाठी प्रत ठेवायचं विसरला. त्याच्या संगणकातला माझा भाऊ माझ्याच वयाचा. त्याची चिपही माझ्या जुन्या चिपच्याच खेपेची, तिच्यातलं लिखाणही तेच. आज ना उद्या ती विसरायला लागणार आणि मग कितीही वारा घातला तरी तिला काही आठवणार नाही. तेव्हा त्याला काकूंच्या दारात यावंच लागेल. काकू नाही म्हणणार नाहीत, त्यांचा स्वभावच तसा. पण प्रत कुठल्या कार्डाची हवी, हे त्याला स्वतःच्या तोंडाने सांगावं लागेल. तेवढं ऐकायला मी धडधाकट राहणार आहे.