वाळूच्या वाघाचा कान

मी वाळूचा वाघ बोलतोय. गुरगुरता येत नाही, म्हणून बोलतोय.

तापीकाठच्या वाळूशिल्पांच्या संग्रहालयात, पत्र्याच्या शेडखाली, दारातून आत आलं की तिसरा मी. धडगावकडच्या डोंगरातून आलेल्या खात्या नावाच्या कारागिराने मला घडवलं. ओली वाळू थरावर थर धोपटली आणि वरून खाली कोरत आला. त्याच्या पाड्याच्या शिवेवर वाघदेव बसतो, तसा मला बसवला. रोज सकाळी पाण्याचा फवारा मारायचा, म्हणून मी टिकलो.

माझ्यापुढच्या पाटीवर मात्र लिहिलंय, ‘शिल्पकार : हेमकांत’. हा इथला व्यवस्थापक. उद्घाटनाला याने माझ्या पंजावर नारळ फोडला. पंजा ढासळला, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. खात्याने मुकाट्याने नवा पंजा केला.

माणसं मला पाहायला येतात म्हणे! माझ्याकडे पाठ करून मोबाइलात स्वतःलाच पाहतात. गेल्या आठवड्यात मोठ्या गाडीतून उतरलेला एक जण बायकोवर ओरडला, "मोहिनी, कान धर ना त्याना! तो काय तुले चावस का?"

तिने धरला. कान हातात आला. तिने हात झटकले.

"जाऊ दे, फोटो भारी उना," नवरा म्हणाला. शेजारी उभा हेमकांतही हसला.

दुसऱ्या दिवशी खात्या बायकोला, नानीबाईला, मला दाखवायला घेऊन आला. त्यांच्याकडे नवं धान्य आधी वाघदेवापुढे ठेवतात, मगच घरात शिजवतात. नानीबाईने ज्वारीची दोन कणसं माझ्यासमोर ठेवली आणि लांबूनच हात जोडले. इतक्या गर्दीत मला हात न लावणारी ती एकटीच.

हेमकांत धावत आला. "ए, हा कचरा उचल! आणि कान कुणी पाडला? तुझ्या बाईनेच ना?"

"साहेब, कान काल पडला. तुम्ही इथंच होते."

"मला शिकवतो? उद्यापासून येऊ नको."

नानीबाईने कणसं पदरात घेतली. त्यांच्या घरी ती ज्वारी शिजली का, मला माहीत नाही.

तेव्हापासून मला फवारा नाही. तो रोज मारावा लागतो, हे हेमकांतला ठाऊकच नाही. शिल्पकार ना तो!

आता मानेला तडा गेलाय. आज दुपारी पत्रा तापला की मी जाईन. मला वाचवायचं असेल तर खात्याला बोलवा. ते जमत नसेल तर बाजूला व्हा. पाटी अगदी माझ्या पुढ्यात रोवलेली आहे, आणि मी पुढेच कलतोय.