अर्ध्या राहिलेल्या वेण्या

सोहळा चारला सुरू होणार होता, पण सहा वाजून गेले तरी माणसं येतच होती. आसाबी तिसऱ्या रांगेत अवघडून बसली होती. धाकट्या बहिणीनं, मोरुनकेनं, दोघींसाठी एकाच निळ्या कापडाचे पोशाख शिवून घेतले होते, डोक्याला बांधायचं वस्त्रही त्यातलंच. नायजेरियातल्या अबेओकुटाच्या या सभागृहात दरवर्षी योरुबा सिनेमांची बक्षिसं दिली जात. बावीस वर्षं मोलकरणी आणि भांडखोर शेजारणी करून झाल्यावर यंदा कुठे मोरुनकेचं नाव यादीत लागलं होतं, तेही आईच्या भूमिकेसाठी. आसाबीनं तो सिनेमा पाहिला नव्हता. "नको पाहूस गं, फार रडका आहे," असं मोरुनकेच म्हणाली होती.

पडद्यावर नट्यांच्या कामाचे तुकडे दाखवू लागले. मोरुनकेचा चौथा. चटईवर तापानं गेलेली लहान मुलगी. डोक्याच्या एका बाजूला वेण्या, दुसरी बाजू मोकळीच. आई जवळ बसली, तेलाचं बोट फिरवून भांग पाडला आणि उरलेल्या वेण्या घालू लागली. मधेच म्हणाली, "हलू नकोस बाळा, झालंच."

 आसाबीची लेक इरेती जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्या सकाळी खोलीत दोघी बहिणीच होत्या. तेव्हा आपण बोललेलं ते वाक्य आसाबीनं नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली, "काय बाई काम केलंय! पोटातून आल्याशिवाय जमतं का असं?"

बक्षीस मोरुनकेलाच मिळालं. मंचावरून ती ओरडली, "हे माझ्या ताईचं! ताई, उभी राहा ना!" कॅमेरा वळला. आसाबी उभी राहिली. उभी न राहून करते काय? टाळ्या थांबेपर्यंत तशीच राहिली.

बाहेर गाड्यांपाशी मोरुनकेनं तिला गाठलं.

"चिडलीस?"

"विचारलं का नाहीस मला?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणजे ठाऊक होतं तुला."

"दिग्दर्शक सारखा म्हणायचा, खोटं वाटतंय, पुन्हा कर. अकरा वेळा केलं, ताई. मग हात आपसूक वेण्यांकडे गेले. मी मावशी होते तिची. माझं काहीच गेलं नाही का?"

"गेलं ना? मग तुझं दाखवायचंस."

 आसाबी घरी, इबादानला जाणाऱ्या बसमध्ये जाऊन बसली.

येणंजाणं काही तुटलं नाही. मोरुनके सणाला आली की आसाबी तिच्या आवडीचं रांधून वाढायची, पण बोलायची ती गळक्या छपराबद्दलच. दीड वर्षानं त्यांची आई वारली. सगळ्या बायका रडत होत्या. आसाबीलाही रडू फुटणार, तेवढ्यात समोर बसलेली मोरुनके भरल्या डोळ्यांनी आपल्याकडे बघतेय असं तिला दिसलं. रडू आवरून ती पाहुण्यांना पाणी द्यायला उठली.