घरटी एक टोपली

ललिताने चिखलाचे हात पदराला पुसले आणि ग्रामसभेचा माईक धरला.

"तलावाच्या पाळीले भोक पडला हाये. सकाळी बोट जात होता, आता मूठ जाते. पानी वाहून रायला. घरटी एक मानूस, एक टोपली द्या. आत्ताच चला."

एवढं बोलून ती परत निघाली. तिचा नवरा गुलाब तिकडे एकटाच माती टाकत होता. धान गर्भात होतं. तलाव रिकामा झाला तर पाळीखालच्या साऱ्या बांध्यांत पोचट लोंब्या उरणार, हे केशोरीजवळच्या त्या गावात कुणाला सांगावं लागत नव्हतं.

तरी कुणी जागचं हललं नाही.

"मागच्या पंचायतीनं पाळीवर निस्ता मुरूम पसरवला," सरपंच चुन्नीलाल म्हणाला. "हा भोक त्याइचाच."

"अन् तुमी दोन वरसं काय करून रायले?" विरोधी गटाचा वीरेंद्र ओरडला.

झालं! निधी कोणत्या आमदाराने आणला, कंत्राट कुणाच्या मेव्हण्याला गेलं, सगळं उकरून निघालं. कोतवाल ढोल घेऊन दारात ताटकळत होता. पाळ गळू लागली की दवंडी पिटायची आणि घरटी एक टोपली बाहेर पडायची, हा गावाचा जुना रिवाज. पण दवंडी सरपंचाच्या नावाने पिटायची की तलाव समितीच्या, यावरही एकमत होईना. कारण समिती वीरेंद्रच्या हातात होती. गावात हुशार माणसांना तोटा नव्हता, हेच त्या गावाचं दुर्दैव.

शेवटी पुनाराम पुढे आला. तलाव त्याच्या वाडवडिलांनी बांधलेला, म्हणून वीरेंद्रचा काका असूनही दोन्ही गट त्याला मान देत. वाद पुरे, टोपल्या घ्या, एवढंच त्याला सांगायचं होतं.

"पोरंहो, भांडन उद्या करा. आज..."

"काका, तुमी पुतन्याचीच बाजू घेनार, मालूम हाये आमाले," चुन्नीलाल हसत म्हणाला.

पुनारामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग तो बोलतच सुटला. चुन्नीलालच्या बापाने आपल्या बांधीसाठी चोरून सोडलेलं पाणी, निवडणुकीत वाटलेली कोंबडी, काही म्हणता काही त्याने शिल्लक ठेवलं नाही. इतकं फर्डं तो उभ्या जन्मात बोलला नव्हता. वीरेंद्रचा गट टाळ्या पिटत होता आणि खोटं कशाला बोला, पुनारामला ते फार आवडलं.

लोकांनी पाठ थोपटली, चहा दिला. चहा संपल्यावर त्याला पाळीची आठवण झाली.

तो पोचला तेव्हा भोकातून टोपली सहज गेली असती. गुलाब छातीभर पाण्यात उभा राहून मातीचं पोतं आत दाबत होता. ललिता वरून माती ओतत होती आणि ओतलेली माती तिच्यादेखत वाहून जात होती.

"भाऊ, तुमचा भाषन इथवर आयकू आला," ती म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता. "टाळ्या वाजल्या तवा मले वाटलं, आता लोक निघाले."

पुनारामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोतं दाबायला तो खाली उतरू लागला, पण गुलाबने हाताने थांबवलं.

"एकाचा काम नाइ आता. मघा दहा जन पुरले असते. आता गाव पाहिजे."

पुनाराम आल्या वाटेने पळत सुटला. एक चप्पल चिखलात रुतली, ती त्याने तिथेच सोडली. सभा अजून भरलेलीच होती. त्याला बघताच वीरेंद्रने कुणाच्या तरी हातातून माईक ओढला.

"थांबा, थांबा! काका आले!"

पुनारामला धाप लागली होती.

"पाळ फुटून रायली. उठा. टोपल्या घ्या, फावडे घ्या, चला माह्यासंगं. हात जोडतो तुमाले."

मग वीरेंद्रने टाळी वाजवली. त्याच्या मागे त्याच्या गटाने वाजवली. कुणीतरी शिट्टीही मारली.

"द्या म्हना आता उत्तर!" वीरेंद्र चुन्नीलालकडे बोट करून गरजला.

उत्तर द्यायला चुन्नीलाल उठला. सबंध सभेत तो एकटाच उठला.