छत्तीस पानं अन् देवीचा शिक्का

मी बसंतीबाईचा पासपोर्ट बोलून राह्यलो. बोरी अरबच्या बाजूच्या तांड्यातली बसंतीबाई. माया आंगावर सोन्याच्या रंगाचे सिंह हायेत, पण गरजता एकालेही येत नाही. मले जर बोलता आलं असतं, तर त्या मंगयवारी मी असा बोंबललो असतो का सारा तांडा धावत आला असता. नाही आलं. पडून राह्यलो, अन् जे व्हाचं ते झालं.

आता कोपरा कापून मले पेटीत टाकलं हाये. गोड बोलणं मले जमत नाही. जसं झालं तसं सांगतो.

बसंतीबाईची पोरगी उज्ज्वला मस्कतले नर्स हाये. जावई समुद्रातल्या तेलाच्या कामावर, दोन-दोन महिने घरी येत नाही. दोन सालाआंधी तिचं पयलं लेकरू आठव्या महिन्यात पोटातच गेलं. घरात एकटी होती बिचारी, दरवाजापर्यंत जाता नाही आलं. आता दुसऱ्यांदा दिवस गेलते. एक दिवस फोनवर म्हने, "याडी, या बारीले मी एकटी नाही राहू शकत. तू ये."

याडी म्हंजे माय. तांड्यात मायले याडी म्हणते, देवीलेही याडीच म्हणते.

बसंतीबाई तवापर्यंत यवतमाळच्या पुढं गेली नोयती. पण म्हने, "येतो." जशी का बाजूच्या वावरात जाऊन राह्यली. तिच्या त्या 'येतो'साठी माया जन्म झाला.

दारव्ह्याले जफरचं ऑनलाइनचं दुकान हाये. सातबारा, पीक विमा, रेल्वेचं तिकीट, सारं काढून देते. नवरा खेमसिंग तिले घेऊन तिथं गेला. हा खेमसिंग म्हंजे रॉकेलचा डबा. काडी दाखवाचं काम नाही, नुसतं नाव घेतलं का भडकते.

जफरनं आधार कार्ड पाह्यलं अन् हासला. "काकू, तुमचाही जन्म एक जानेवारीचाच? काका, एक जानेवारीले तुमच्या तांड्यात केक पुरत नसन."

"जवा जन्मलो तवा कोणाच्या बापाच्या घरी कॅलेंडर होतं बे?" खेमसिंग बोलला. "भर तू फारम."

मंग पासपोर्टच्या केंद्रात बलावलं. पयले तं बोटाचे ठसेच उमटेना. चाळीस सालं कापूस वेचू वेचू बोटं अशी गुयगुयीत झालती, का मशीन म्हने हे माणूसच नाही. ओल्या फडक्यानं पुसू पुसू कसेतरी घेतले. मंग फोटो. तिथं घोडं अडलं.

फोटो काढणारा पोरगा म्हने, "मावशी, ते कानाजवळचं लटकणं काढा. गाल झाकतात, कान दिसत नाहीत."

त्याले काय माहीत ते काय होय. ती घुगरी होय. केसात गुतवून गालावर सोडलेली चांदीची घुगरी. तांड्यात बाई लग्नात घालते, अन् नवरा मेला का उतरवते. मंधात कधीच नाही. आता नव्या पोरी घालत नाही, पण बसंतीबाईनं आंघोळीलेही काढली नोयती.

खेमसिंग दरवाजातून गरजला, "ए भाऊ! मी मेलो का? जित्ता उभा हाओ तुह्या म्होरं!"

"काका, नियम आहे. चेहरा पूर्ण दिसला पाहिजे."

"तुह्या नियमाच्या..."

"गप बसा ना, उज्ज्वलाचे बाबा," बसंतीबाई बोलली. "पोरीसाठी काढून राह्यली मी. तुमी नाही मरत."

अन् तिनं काढली. तो फोटो माया पोटात हाये. गाल उघडे, डोये भरलेले, ओठ असे घट्ट दाबलेले का वाटते आता कोणाले तरी शिवी देईन. लगेच तिनं घुगरी परत घातली, पण खेमसिंगच्या डोक्यात ती उतरलेलीच राह्यली.

तांड्यात बात लपत नाही. तांड्याचा म्हातारा नाईक धावजी चावडीवर म्हने, "नवरा जित्ता असतानी उतरवली? आता दोष लागला ना बाप्पा. याडीले भोग देऊन टाक खेम्या, सारं बरं होईन."

खेमसिंगनं ते मनाले लावून घेतलं. दोन दिवस जेवला नाही नीट.

मंग पोस्टमन मले घेऊन आला. नवा कोरा, निया रंगाचा, छत्तीस पानाचा. बसंतीबाईनं हात धुतले, पदराले पुसले अन् मंगच मले घेतलं. दुसऱ्या दिवशी जफरनं माया फोटोच्या पानाचा फोटो काढून यीसासाठी पाठवला. "काकू, यीसा म्हंजे त्या देशाचा 'या' म्हणून निरोप. पण निरोप असून भागत नाही. पासपोर्ट सहा महिन्याच्या वर चालू पाह्यजे, वापसीचं तिकीट पाह्यजे, पोरीचा पत्ता पाह्यजे, तिच्या कार्डाची झेरॉक्स पाह्यजे. अन् याले जपा. पान्यात भिजू देऊ नका, घडी करू नका, लेकराच्या हाती देऊ नका."

सारं बरोबर सांगतलं पोरानं. पान्याचं सांगतलं, घडीचं सांगतलं. आगीचं नाही सांगतलं. त्याच्या मनातच कसं येईन?

बारा दिवसानं यीसा आला. तिकीट निघालं. उज्ज्वलाले नववा लागला होता. इमान डाक्टरनं दिलेल्या तारखेच्या पंधरा दिवस आंधीचं होतं. बसंतीबाईनं डिंकाचे लाडू केले, ओवा निसला, जुन्या लुगड्याची मऊ दुपटी शिवली, त्याच्यावर कवड्या अन् आरशे लावले. रोज मले काढे, पाहे, ठेवे. अक्षर वाचता येत नोयतं तिले, पण माया एकेका पानावरून असा हात फिरवे जसं का त्या कोऱ्या पानावर मस्कतची वाट काढलेली हाये.

अन् आला तो मंगयवार, याडीच्या भोगाचा.

याडीच्या अन् सेवालाल महाराजाच्या मंदिराम्होरं गोवऱ्या पेटवल्या. निखारे झाले लाल. गोड भाताची परात, तुपाची वाटी. भोग म्हंजे त्या निखाऱ्यावर गोड अन् तूप सोडाचं, जाळ उठला का देवीनं घेतलं. मले निखाऱ्याच्या जवय पाटावर ठेवलं. बसंतीबाईनं बंदच ठेवलं होतं.

खेमसिंग म्हने, "बंद कायले ठेवते? उघड. तो फोटो याडीले दाखवाचा हाये. पाह्य म्हणा याडी, हिनं घुगरी उतरवली ते पोरीसाठी. नवरा जित्ता हाये हिचा."

मले उघडलं. नेमकं त्याच पानावर. मी सांगतो, त्या माणसाच्या मनात पाप नोयतं. हात जोडले तवा त्याच्या डोयात पानी होतं. जिंदगीभर भांडला, पण आपण मेलो तर बायको मांगं एकटी पडन, याच्यासाठी देवाले घाबरला. तुमी माणसं अशीच. ज्याच्यावर जीव लावता त्याले कुंकू लावता, हार घालता, धूर देता. मोटरसायकलले चालते, टॅक्टरले चालते. मी कागद हाओ रे बाप्पा!

तूप तिनं चमच्यानं सोडलं. त्याले ते कमी वाटलं. त्यानं अख्खी वाटीच उलटी केली.

जाळ असा भपकला का धावजी मांगं सरला. एक निखारा तडकला, उडाला अन् माया फोटोखाली पडला. तिथं खाली दोन वोळी असते, बारीक अक्षराच्या, बाणासारख्या खुणाच्या. त्या माणसासाठी नसते, मशीनसाठी असते. तिथंच पडला. पलास्टिक चुरचुरलं, फोड आला, ज्वारीच्या दाण्याएवढा काया डाग पडला.

बसंतीबाईनं निखारा हातानं उडवला. बोट भाजलं. पदरानं मले पुसू लागली. तिचं तोंड उतरलं.

धावजी वरडला, "याडीनं शिक्का मारला! पयला शिक्का देवीचा! आता मस्कतवाला कोण आडवते हिले?"

सारे हासले. खेमसिंग तर असा खुलला जसं का त्याले कोणी आयुष्य लेहून देलं.

बसंतीबाई हळूच म्हने, "जफरले दाखवून आनू का? हे खालचं दिसत नाही आता."

"त्याले काय दाखवते? फोटो दिसते, नाव दिसते. आनखी काय पाह्यजे? देवीच्या शिक्क्यावर जफरची सही घेते का?"

मी पडल्या पडल्या बोंबलून राह्यलो. दाखव वं माय, दाखव त्याले! इमानाले आठ दिवस हाये अजून, काहीतरी होईन! कोणालेच आयकू नाही आलं.

मुंबईच्या विमानतळावर खेमसिंगले दरवाजातून आत सोडलं नाही. त्याच्याजवय तिकीट नोयतं. तो काचेच्या बाहेर, ही आत, एकटी, लाडवाची पिशवी पोटाशी धरून. काउंटरवर एक पोरगी होती, चांगली होती बोलाले. तिनं मले मशीनवर घासलं. एकदा. दोनदा. पाच वेळा. मशीन मुकं. मंग तिनं पान उजेडात धरलं.

"मावशी, हे कशानं जळलं?"

"देवीचा भोग होता बाई."

पोरगी उठली. सायबाले बलावून आणलं. सायबानं नखानं फोड दाबून पाह्यला. "पासपोर्ट खराब आहे, ताई. यावर प्रवास करता येणार नाही. नवीन काढावा लागेल, मग व्हिसाही नवीन. जुना व्हिसा या नंबरवर आहे."

"यीसा हाये ना जी. पोरगी वाट पाहून राह्यली. तिचं बायतपण हाये." तिनं फोन काढला, उज्ज्वलाले लावला, पोरीच्या हाती देला. "बोला तुमी. तिले सांगा मी खोटं नाही बोलत."

"मावशी, तुम्ही खरंच बोलताय. पण आम्ही बसवलं तरी तिकडचे लोक उतरू देणार नाहीत. त्याच विमानानं परत पाठवतील."

फोनमधून उज्ज्वलाचा आवाज आला, "याडी? बसली का तू इमानात?"

काउंटरवरच्या पोरीनंच सांगतलं.

काचेच्या बाहेर खेमसिंग शिपायावर वरडत होता. "देवीचा शिक्का हाये म्हणा त्यावर! बलाव तुह्या सायबाले!" मंग बसंतीबाई पिशवीसकट बाहेर आली. तिनं मले उघडून त्याच्या म्होरं धरलं. तो त्या फोडाकडं पाहत राह्यला. ज्या माणसाले मी कधी गप पाह्यला नोयता, तो तिथं फरशीवर बसला अन् गप झाला.

राग तर मले लय आला होता. पण कोणाले शिव्या देऊ, सांगा! त्या पोरीले? ती खरं बोलली. जफरले? त्यानं जपाले सांगतलं. धावजीले? खेमसिंगले? त्यानं तर बायकोची घुगरी राहावी म्हणून तूप वतलं.

सहा दिवसानं उज्ज्वला बायंत झाली. तारखेच्या आंधीच. बाजूच्या खोलीतल्या केरळच्या नर्सनं गाडीत घालून नेलं. पोरगा झाला, जित्ता हाये, लहानसा हाये. पण तिचं रगत लय गेलं. नऊ दिवस दवाखान्यात पडून होती. इकडं बसंतीबाई फोन कानाले लावून, "पोट बांध गं... शेकून घे... गरम पी..." तिकडून नुसतं, "हो याडी." एक दिवस उज्ज्वला म्हने, "याडी, मी तुले हाक मारली होती." बस, एवढंच.

लाडू वापस आले होते. कोणी खाल्ले नाही. मुंग्याइनं नेले.

मंग माया कोपरा कापला, मले रद्द केलं. नव्यासाठी परत केंद्र, परत बोटं, परत तेच, "घुगरी काढा." या बारीले खेमसिंग दरवाजात नोयता. तिच्या बाजूले उभा होता, दोन्ही हाताची ओंजळ करून. तिनं काढली, त्याच्या ओंजळीत ठेवली. फोटो निघेपर्यंत त्यानं ती धरून ठेवली, जसं का चिमणीचं पिल्लू.

नवा पासपोर्ट घरी आणलाच नाही. जफरच्या लोखंडी कपाटात हाये. खेमसिंग त्याले म्हने, "तुह्याच जवय राहू दे बे पोरा. आमच्या घरी आग हाये."

दुसरा यीसा अजून आला नाही. उज्ज्वलाची सुट्टी सरून राह्यली, लेकरू कोणाच्या हाती देऊ म्हणते. बसंतीबाई दुपारी पेटी उघडते, मले काढते, त्या डागावर अंगठा ठेवते अन् फोनमधल्या नातवाले पाहते. तो झोपलेला असते. कवड्याची दुपटी माया बाजूलेच घडी करून हाये.

बाप्पाहो, एक अर्ज हाये माया. तुमच्या घरी माया भाऊ आला, तर त्याले देवाम्होरं ठेवा, नाही कोण म्हणते. पण बंद ठेवा. हातभर दूर ठेवा. अन् काही झालंच, तर लाजू नका, त्याच दिवशी शहाण्या माणसाले दाखवा.

माया छत्तीस पानाइवर दुनियेतल्या एकाही देशाचा शिक्का नाही. एकच हाये, देवीचा. त्याच्यावर मायले लेकीजवय जाता नाही आलं.