दोघींसाठी एक फोटो

आण्णासाहेब कॉम्प्युटर क्लासच्या दारात आले तेव्हा त्यांच्या पायात चपला नव्हत्या. हमरस्त्यावर त्यांचे चार ट्रक पळत होते, आणि कडक इस्त्रीशिवाय हा माणूस घराबाहेर पडलेला उमरग्यात कुणी पाहिला नव्हता. टायपिंगच्या पोरींना तसंच सोडून उमादेवी उठली.

"मॅडम, तुमचं नेट चालू हाय का?"

"लावलं तर लागतं. का, काय झालं?"

त्यांनी मागं पाहिलं. मागं दोन बाया उभ्या होत्या. एक पार्वतम्मा, डोक्यावरून पदर, कपाळाला विभूतीचे पट्टे. आण्णासाहेबांच्या ट्रकवरचा ड्रायव्हर गौरीशंकर हा त्यांचा एकुलता एक मुलगा. दुसरी द्वारकाबाई. त्याच ट्रकवर पाळीपाळीनं स्टिअरिंग धरणाऱ्या श्रीनाथची बायको. दोघीही उमादेवीच्याच गल्लीतल्या. रोज नळाला भेटणाऱ्या.

पोरी घरी गेल्यावर आण्णासाहेब बोलले.

"पहाटं जहिराबादच्या अलीकडं गाडी उलटली आन् पेटली. दोघं बी आत होते. एक जागेवरच गेला. दुसऱ्याला लोकांनी वढून भाईर काढलं, त्यो हैदराबादला दवाखान्यात हाय. बेशुद्ध."

"कोण?"

"तेच तर कळंना."

कागदपत्रं गाडीबरोबर जळाली होती. जो गेला त्याला ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं. जो राहिला त्याच्या अंगावरचं सगळं कापून काढून पिशवीत घातलेलं, आणि पिशवी पोलिसांकडं. दोघं तिशीचे, दोघं सावळे, दोघांना मिशा. फोनवर डॉक्टर हिंदीत जे सांगत होते ते दोघांनाही लागू पडत होतं.

"पायाचा पार चेंदा झालाय म्हणं," आण्णासाहेब आवाज खाली आणून म्हणाले. "साडेतीनला टेबलावर घेणार. पाय काढावा लागंल, न्हाय तर जीव जाईल. फोनवर हो म्हणलं तरी चालंल, पण घरचं माणूस पाहिजे म्हणतेत. त्यांनी फोटो काढून पाठवलाय. तुमच्या हँडबिलावरचा ईमेल म्या त्यांला दिला. जीप तयार हाय, पण पोचायला पाच तास लागत्यात."

उमादेवीनं घड्याळ पाहिलं. दोन वाजायला दहा मिनिटं होती. ते २००६ साल. मोबाइल नुसता बोलायच्या कामाचा होता, आणि बसस्टँडसमोरच्या नेट कॅफेची मशीनं परवाच व्होल्टेज वाढून जळाली होती. शिवाय त्या आठवड्यात भारनियमनाची वेळ दुपारी तीनची. यूपीएसची बॅटरी जुनी, दहा-पंधरा मिनिटं चालली तर चालली.

"बसा," ती म्हणाली.

दोघी एकाच बाकावर बसल्या. मध्ये वीतभर जागा सोडून.

इंटरनेटचं मशीन कोपऱ्यात होतं. व्हायरसनं दोनदा सगळं धुऊन नेल्यावर उमादेवीनं त्यावर एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून लिनक्स टाकलं होतं. शिकवणारं गावात कुणी नव्हतं, जे येत होतं ते पडत-झडत शिकलेलं. फोनची वायर मोडेमच्या डबीत जायची, डबीतून मशीनमध्ये. तिनं काळ्या पडद्यावर फोन लावायची आज्ञा टाइप केली आणि एंटर दाबलं.

मोडेम हूं की चूं करेना. पडद्यावर एकच ओळ आली: मोडेम दुसऱ्याच्या वापरात आहे.

"दुसरं कोण असणार?" ती स्वतःशीच पुटपुटली. मशीन बंद करून चालू केलं. दोन मिनिटं त्यात गेली. पुन्हा तीच ओळ.

"काय म्हणतंय?" आण्णासाहेबांनी विचारलं.

"थांबा जरा."

थांबायला वेळ होता कुठं? तिनं कपाळावर मूठ टेकवली. काल संध्याकाळी नेट चालू असतानाच लाइट गेली होती. मोडेम हाती घेताना मशीन एक छोटी फाइल करून ठेवतं, दारावर कुलूप घालावं तशी, आणि काम झालं की ती काढून टाकतं. काल काढायच्या आधीच मशीन मेलं. कुलूप तसंच राहिलं असणार. तिनं शोधलं. होतं. पुसून टाकलं.

आता डबीवरचा लाल दिवा लागला. पण फोन लागेना. "डायल टोन नाही," पडदा म्हणाला.

तिनं रिसीव्हर उचलून कानाला लावला. टोन होता. पण त्याच्यामागं भुंग्यासारखी घरघर चालू होती. माणसाच्या कानाला चालणारा टोन मोडेमला ओळखू येत नव्हता. तिनं सेटिंगची फाइल उघडली आणि मोडेमला सांगितलं, टोनची वाट पाहू नकोस, सरळ नंबर फिरव. ते कसं सांगायचं हे तिच्या वहीत कुठंतरी होतं. वही सापडायला पाच मिनिटं, पान सापडायला तीन.

या वेळी डबीतून नंबर फिरल्याचा आवाज आला, मग कर्कश किंकाळी. पार्वतम्मा दचकून उभ्या राहिल्या.

"यव्वा! काय झालं गं?"

"काही नाही अव्वा, लागलं. बसा तुम्ही."

दोन वीस झाले होते. लागलं म्हणाली खरी, पण ईमेलचं पान उघडेना. साइट सापडत नाही. दुसरी साइट लावली. सापडत नाही. लाइन जोडलेली होती, पलीकडून मशीनला नंबरही मिळाला होता, मग अडलं कुठं? तिनं एका मशीनला नावाऐवजी नुसत्या आकड्यांनी हाक मारून पाहिली. उत्तर आलं. म्हणजे रस्ता उघडा होता, फक्त कुठल्या नावाचं घर कुठं हे सांगणाऱ्या मशीनचा पत्ता हरवला होता. तो ज्या फाइलीत असायचा ती फाइल रिकामी होती.

पत्ता पाठ नव्हता. कुणाला फोन करून विचारावं तर लाइन नेटनंच अडवलेली, आणि आण्णासाहेबांचा मोबाइल डॉक्टरांसाठी मोकळा ठेवायला हवा होता. तिनं गेल्या आठवड्याची नोंद उघडली. मशीन आपल्या प्रत्येक कामाची टिपणं ठेवतं, शेकडो ओळी. बोटानं पडद्यावर ओळ न् ओळ खाली उतरत गेली. मागं द्वारकाबाईंच्या बांगड्या वाजत होत्या. त्या गुडघ्यावर हात घासत होत्या, सारख्या.

सापडला. आकडे तिनं तळहातावर लिहून घेतले, फाइलीत घातले. ईमेल उघडला. चित्रं न दाखवणारा, नुसत्या अक्षरांचा ब्राउझर तिनं मुद्दाम घेतला होता, म्हणून पान पटकन आलं. सगळ्यात वर हैदराबादची मेल. सोबत एक फोटो. मोठा.

फोटो उतरायला लागला. दहा टक्के. अठरा. एकतीस. बेचाळीसवर लाइन तुटली.

"आता?" आण्णासाहेब.

"पुन्हा पहिल्यापासून."

तीन वेळा नंबर लावल्यावर लाइन लागली. फोटो पुन्हा सुरू झाला तेव्हा तीनला चार मिनिटं कमी होती. अकरा टक्क्यांवर पंखा थांबला. ट्यूब विझली. यूपीएस टीं टीं करायला लागला.

उमादेवीनं हात पुढं करून मॉनिटर बंद केला.

"अवो, बंद कशाला केलं?" आण्णासाहेब ओरडलेच.

"सगळ्यात जास्त लाइट हा खातो. हा बंद असला तर बॅटरी टिकेल. फोटो आत उतरतोय, मोडेमवरची ही बत्ती लुकलुकते तोवर."

शटर अर्धं खाली होतं, बाहेर हमरस्त्यावरून ट्रक जात होते. चौघांनी त्या टिकलीएवढ्या लाल बत्तीकडं नजर लावली. आणि त्या अंधारात उमादेवीच्या मनात आलं, तुटू दे. पुन्हा एकदा तुटू दे. ही वायर मी नुसती ओढली तरी पुरे. नाही आला फोटो म्हणून सांगावं, दोघींना जीपमध्ये बसवावं. निदान पाच तास तरी दोघींची माणसं जिवंत राहतील. तिचा हात खरंच वायरीपाशी होता. पण तिकडं कुणीतरी एक जण खाटेवर पडला होता, आणि त्याच्यासाठी हो म्हणणारं माणूस या बाकावर होतं. तिनं हात मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

बत्ती थांबली.

तिनं मॉनिटर लावला. शंभर टक्के. तीन वाजून आठ मिनिटं. तिनं फोटो उघडला.

डोकं पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेलं. एक डोळा सुजून बंद, ओठ फाटलेले, गाल एवढा फुगलेला की नाक त्यात बुडालं होतं. मिशी अर्धी जळालेली. उमादेवी दोघांनाही वर्षानुवर्षं ओळखत होती. तिला काहीच कळलं नाही.

"माझाच हाय," पार्वतम्मा म्हणाल्या. "नन्न मगा! माझा गौरी हाय गं त्यो!"

"न्हाय अव्वा." द्वारकाबाई पडद्याला नाक लागेल इतक्या पुढं आल्या. "कपाळ बघा की. ह्यांचं कपाळ हाय ते. ह्यांचंच."

"माझ्या पोटचं मला कळंना व्हय?"

"आन् मला कळंना?"

दोघी एकमेकींकडं पाहत नव्हत्या. आण्णासाहेब भिंतीला टेकून खाली बसले. यूपीएसचा आवाज आता जलद झाला होता.

उमादेवीनं फोटो मोठा केला. चेहरा नुसता ठिपक्यांचा झाला. तिनं तो खाली सरकवला. छातीवर चादर, चादरीवर उजवा हात, मनगटापर्यंत पट्टी. बोटं उघडी होती.

"हात बघा," ती म्हणाली. "दोघी नीट बघा."

द्वारकाबाईंनी पाहिलं. पाहत राहिल्या. त्यांच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. पार्वतम्मांना डोळ्यांत पाणी भरल्यामुळं काही दिसत नव्हतं, त्या नुसत्याच "माझा हाय, माझा हाय" म्हणत होत्या. आता द्वारकाबाई काही बोलल्या नसत्या तर कुणाला कळलंही नसतं. निदान त्या क्षणी तरी नाही.

"ह्यांची उजवी करंगळी वाकडी हाय," त्या म्हणाल्या. आवाज अगदी सपाट. "जॅक निसटला व्हता तवापासनं. ही सरळ हाय."

त्या पडद्यापासून मागं सरकल्या.

"अव्वा, तुमचाच हाय. गौरीभाऊ हायत."

पार्वतम्मा वळल्या. आपला मुलगा जिवंत आहे हे त्यांना कळलं, आणि त्याच दमात दुसरंही कळलं. आण्णासाहेबांनी नंबर लावून मोबाइल त्यांच्या कानाशी धरला. पलीकडून डॉक्टर विचारत होते, त्या नुसत्या मान हलवत होत्या.

"अव्वा, मान हलवून त्यांला दिसणार न्हाय," द्वारकाबाई म्हणाल्या आणि त्यांनी त्यांचा दंड धरला. "हो म्हणा. पाय गेला तर जाऊ द्या. माणूस राहील."

"हो," पार्वतम्मा म्हणाल्या. "हां साब. काटो. हो."

मॉनिटर काळा झाला. बॅटरी संपली होती.

जीप निघाली तेव्हा दोघी मागच्या सीटवर होत्या. द्वारकाबाई रडल्या नव्हत्या. त्यांनी चढताना पदर नीट खोचला, एवढंच. उमादेवीनं मोडेमची वायर काढून फोनला लावली आणि त्याच्यापाशी बसून राहिली. आण्णासाहेबांच्या मोबाइलवरून डॉक्टरांना तिनं हाच नंबर दिला होता.

पाच वाजता फोन आला. ऑपरेशन झालं होतं. पाय गुडघ्यापासून काढला, रक्त दिलं, नाडी ठीक आहे. जगेल असं वाटतं, डॉक्टर म्हणाले. तिनं लगेच आण्णासाहेबांचा मोबाइल लावला, पण जीप कर्नाटकात शिरली होती आणि तो लागत नव्हता. बातमी तिच्या एकटीजवळ अडकून पडली. क्लासमध्ये ती येरझाऱ्या घालत राहिली.

सव्वापाचला पुन्हा घंटी वाजली. हुमनाबादच्या एका बूथवरून आण्णासाहेब बोलत होते.

"वाचला," तिनं सांगितलं. "आण्णासाहेब, गौरीशंकर वाचला."

तिकडं ते कुणाला तरी सांगताना ऐकू आलं. मग एक मोठा हुंदका, तो पार्वतम्मांचा. मग रिसीव्हर कुणीतरी हातात घेतला.

"मॅडम, म्या द्वारका."

उमादेवीनं रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

"आमची सृष्टी शाळेतनं आली असंल. किल्ली तिच्यापाशी नसती. पायरीवर बसून ऱ्हाईल. तिला जेवू घाला. दूध लागतंय तिला भातात. आन् तिला काय बी सांगू नका. म्या आल्यावर म्याच सांगते."

"बरं," उमादेवी म्हणाली.

फोन ठेवला गेला. तिनं शटर ओढलं आणि गल्लीत शिरली. द्वारकाबाईंच्या दारात दप्तर मांडीवर घेऊन सात वर्षांची सृष्टी खरंच बसली होती, कोपऱ्यावरच्या दुकानातल्या बायका तिच्याकडं बघून कुजबुजत होत्या.

"आई कुठं गेली?" सृष्टीनं विचारलं.

"हैदराबादला गेलीय. उद्या येईल."

"पप्पांकडं?"

उमादेवीनं दप्तर उचलून आपल्या खांद्याला लावलं.

"चल," ती म्हणाली. "आधी हातपाय धुऊ. भूक लागली असेल तुला."