स्क्रू राहिले, मी उडालो

मित्रांनो, छपरावरचा पत्रा पाचोळ्यासारखा उडताना तुम्ही कधी पाहिला आहे का? मी एक जुना पत्रा आहे आणि तसा उडालेला मीच. अजूनही मला ते खरं वाटत नाही.

माझा जन्म अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात झाला. तापलेल्या रुळांखालून मी सपाट होऊन निघालो आणि दुसऱ्या यंत्राने मला लाटा पाडल्या. पुढे मी एका व्यापाऱ्याच्या वखारीत उभा होतो. तिथे एके दिवशी एक बाई आल्या. दूरच्या बेटावरच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. दवाखान्याचा लोखंडी पत्रा खाऱ्या वाऱ्याने चाळणीसारखा झाला होता आणि गळणारं पाणी रुग्णांच्या अंगावर पडत होतं.

सिस्टरांनी रंगीत पत्रे पाहिले, जस्ताचे पाहिले. मग मला नखाने खरवडून, वाकवून पाहिलं.

"हा दिसायला साधाच आहे," व्यापारी म्हणाला.

"दिसण्याचं काय घेऊन बसलात? समुद्रापुढे टिकला म्हणजे झालं."

मला केवढा अभिमान वाटला!

माझे भाऊबंद आणि मी बोटीने निघालो. आमच्यासोबत आमचे खास स्क्रू होते, न गंजणारे, रबरी वॉशर लावलेले. पण बेटावर सामान उतरवताना लाट आली आणि त्यातलं एक खोकं पाण्यात गेलं. छप्पर बसवायला सिस्टरांचे धाकटे दीर होते. हाताला चलाख माणूस. आमची शेवटची रांग राहिली तेव्हा त्यांनी घरातले लोखंडी स्क्रू आणले. त्या रांगेत, अगदी कोपऱ्यावर, मी होतो.

"भाऊजी, हे काळे स्क्रू कसले?" सिस्टरांनी खालून विचारलं.

"लोखंडाचे आहेत, वहिनी. पण चांगले जाड आहेत. बोट आली की बदलतो."

बोट आली. स्क्रूही आले. पण छप्पर गळत नव्हतं आणि न गळणाऱ्या छपराकडे मान वर करून कोण पाहतं? स्क्रूंचं खोकं फळीवर गेलं. येणारा जाणारा मात्र म्हणायचा, "काय पत्रा आहे! नव्यासारखा चमकतोय." मी फुशारून जायचो. स्क्रूभोवती माझ्या अंगावर पांढरी भुकटी जमत होती. खाऱ्या दमटपणात लोखंडाला टेकलेलं माझं अंग तिथेच झिजत होतं, भोकं रुंदावत होती. मला कुठे काय कळत होतं? मला वाटलं, मीठच असेल.

काही वर्षांनी ते वादळ आलं. दुपारची वेळ, पण बाहेर काळोख दाटला होता. आत एक बाळंतीण होती, शेजारी तिचं तान्हं बाळ. वारा माझ्या कडेखाली शिरला. मी वाशाला घट्ट धरून राहिलो, म्हणजे मला तसं वाटलं. दुसऱ्याच क्षणी मी हवेत होतो!

मी खाली पाहिलं. वाशावर काळे स्क्रू जसेच्या तसे उभे होते. मीच तेवढा नव्हतो. बाळंतिणीच्या खाटेवर उघडं आभाळ कोसळत होतं. मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो.

छप्पर बांधायला दोर घेऊन भाऊजी धावत चढ चढत होते. वाऱ्याने मला फिरवलं आणि त्यांच्याच पायावर नेऊन आपटलं. माझी कड त्यांच्या पोटरीत घुसली. ज्यांनी मला स्वतःच्या हातांनी बसवलं, त्यांचं रक्त माझ्या लाटांमधून वाहत होतं.

सिस्टरांनी आधी बाळाला आणि त्याच्या आईला भक्कम टेबलाखाली सरकवलं. मग त्या बाहेर धावल्या, दिरांना ओढत आत घेतलं आणि भर पावसात टाके घालायला बसल्या.

"वहिनी, ते स्क्रू... मी..."

"आत्ता बोलू नका. पाय हलवू नका."

त्यांनी पुढचा टाका घातला.

वादळ सरल्यावर लोक माझ्याभोवती जमले. "अहो, पत्रा तर अजून नवाच आहे!" कुणीतरी म्हणालं. सिस्टरांनी माझ्या भोकात बोट घातलं. ते आरपार गेलं. बराच वेळ त्यांनी ते काढलंच नाही.

"पत्रा नवाच आहे," त्या म्हणाल्या. "भोकं म्हातारी झाली. मीही वर पाहिलं नाही."

माय-लेकरू वाचलं. भाऊजीही वाचले, पण पाय पूर्वीसारखा सरळ झाला नाही. त्या रांगेसाठी नवे पत्रे माझ्याच जातीचे आले. ते बसवले दुसऱ्यांनी. सिस्टर खाली उभ्या राहून एकेक स्क्रू निरखून वर देत होत्या.

मी आता दवाखान्यामागे लाकडांवर पडून असतो, वाकलेला. भाऊजी लंगडत लाकडं न्यायला येतात आणि माझ्याकडे न पाहता मला बाजूला सारतात. मित्रांनो, त्यांच्यावर माझा राग नाही. तुम्हाला एवढंच सांगतो, छप्पर निवडताना त्याला धरून ठेवणारी वस्तूही तितक्याच काळजीने निवडा. आणि ते गळत नसेल, तेव्हाही शिडी लावून वर चढा. काल भाऊजींनी लाकडं उचलली आणि पहिल्यांदाच माझ्या कडेवरून हात फिरवला, अगदी हळू, जणू दुखापत मलाच झाली होती.