माझी वीज कोण पीत होतं?

मी एक जुनी बॅटरी आहे. लगेच नाक मुरडू नका, मित्रांनो. जुनी असले तरी निकामी नाही. एक कोपरा खरचटला आहे आणि अंगावरचं लेबल कधीच निघून गेलं आहे, एवढंच.

कारखान्यात माझ्या पोटात शिशाच्या पट्ट्या बसवल्या, आम्ल ओतलं, तेव्हा वाटलं होतं की एखाद्या साध्यासुध्या घरच्या गाडीत आयुष्य जाईल. नशिबात मात्र शर्यतीची गाडी निघाली. सरळ रस्त्यावर दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा होतो आणि चहा ओतून होईपर्यंत शर्यत संपलेली असते. गाडी ताई चालवते. तिची देखभाल तिचा धाकटा भाऊ करतो. त्याला राग चटकन येतो म्हणून सगळे त्याला भडकू म्हणतात.

वजन कमी व्हावं म्हणून भडकूने इंजिनजवळचा, मला चार्ज करणारा डायनॅमो काढून टाकला होता. त्यामुळे घरून जेवढी वीज भरून नेईन तेवढ्यावरच सगळा कारभार. इंजिन मीच चालू करायचं, पेट्रोलचा पंप मीच फिरवायचा. जिंकल्यावर ताई मला थोपटायची. कौतुक कुणाला नको असतं?

मग भडकूने गाडीची सगळी वायरिंग नव्याने केली. काम देखणं होतं, खोटं कशाला बोलू? मागे मोठा मुख्य स्विच बसवून तो छाती फुगवून म्हणाला, "हा बंद केला की सगळं बंद!" फक्त पंख्याची वायर त्याने थेट माझ्यापासून नेली, म्हणजे स्विच बंद असतानाही तापलेलं इंजिन गार करता येईल. तेही ठीकच होतं. पण वेगाची नोंद ठेवणारी एक छोटी डबी चालते का, हे बघायला त्याने तिची वायर त्याच वायरीला जोडली. "तात्पुरती," असं पुटपुटला, वरून चिकटपट्टी गुंडाळली आणि विसरून गेला.

तेव्हापासून ती डबी अहोरात्र जागी. गाडी उभी असली तरी थेंबथेंब माझी वीज प्यायची. पुढच्या शर्यतीत ताईने बटण दाबलं आणि नुसतं 'टक' झालं. गाडी ढकलत रस्त्याबाहेर न्यावी लागली. कुणीतरी हसलं. ताई खाली मान घालून चालत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"म्हातारी झाली ती. भंगारात देऊन टाकू," भडकू म्हणाला.

"देईपर्यंत उपाशी कशाला ठेवायची?" म्हणत ताईने मला चार्जरला लावलं आणि भरल्यावर फळीवर ठेवलं. माझ्या जागी नवी, चकचकीत बॅटरी आली.

मोसमातल्या शेवटच्या शर्यतीचा दिवस उजाडला. निघताना ताईने बटण दाबलं. टक! खरं सांगते, आधी मला गंमतच वाटली. मग ताईचा रडवेला चेहरा दिसला आणि गंमत पळाली.

"काय रे, हीसुद्धा म्हातारी झाली?" तिने विचारलं.

या वेळी भडकू भडकला नाही. त्याने मला खाली काढून गाडीत बसवलं. मुख्य स्विच बंद ठेवून माझ्या आणि जाड वायरीच्या मध्ये एक छोटा बल्ब लावला. सगळं बंद असेल तर बल्ब लागायला नको. तो मिणमिणत होता! भडकूने एकेक फ्यूज काढला, तरी बल्ब विझेना. शेवटी त्याने पंख्याची वायर सोडवली आणि बल्ब विझला. चिकटपट्टीखाली त्याचाच जोड निघाला.

"माझीच करामत," त्याने कान पकडले. "बॅटरीला उगाच बोललो."

"मग तिला सांग ना!"

"चुकलो हं, आजी," तो मला म्हणाला. आजी म्हणाला, पण चालवून घेतलं.

डबीची वायर त्याने मुख्य स्विचच्या पलीकडे नेली आणि आम्ही निघालो. ताईने बटण दाबताच इंजिन गरजलं. शर्यत आम्ही थोडक्यात हरलो. भडकू हिरमुसला, पण ताई हेल्मेट काढत हसली. "अरे, आज धावून हरले! कुणाला ढकलावं नाही लागलं."

मित्रांनो, एखादा दमलेला दिसला तर त्याला लगेच भंगारात काढू नका. त्याचं बळ कुठे गळतंय ते आधी शोधा. मला स्वतःहून सांगता येत नाही. पुष्कळ माणसांनाही येत नाही.